भाजणें आणि तळणें : खानदेशच्या चुलीची हकीकत

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें उभीं राहतात. धुळ्यास तर तीं प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा १९२६ च्या अखेरीस त्याच शहरीं देहान्त झाला, आणि गांवोगांव हिंडून त्यांनीं जमविलेले कागद १९२७ मध्यें स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळानें जपून ठेविले. अशा संग्रहांत सनदा असतात, पत्रें असतात, हिशेब असतात. परंतु सनद लिहिणाऱ्या कारकुनाच्या घरीं त्या रात्रीं काय शिजलें, तें कोणीं शिजविलें, आणि सरपण कोठून आणिलें, हें सांगणारा कागद क्वचितच हातीं लागतो. चुलीला दप्तर नसतें.

मग तिचा इतिहास कशावरून लिहावयाचा? आमच्या मतें शब्दांवरून, पदार्थांवरून आणि सवयींवरून. मराठी भाषा या बाबतींत मोठी चोखंदळ आहे. भाजणें, शेकणें, परतणें, तळणें, उकडणें, वाफविणें, या प्रत्येक क्रियेस तिनें निराळा शब्द राखून ठेविला आहे. पापड भाजला आणि पापड तळला या दोन वाक्यांत जो भेद आहे, तो लहान मुलासही समजावून सांगावा लागत नाहीं. हाच भेद हातीं धरून आपण आज खानदेशच्या स्वयंपाकघरांत थोडे हिंडून येऊं.

यास निमित्त झालें एका यंत्राचें. गेल्या कांहीं वर्षांत जळगांव आणि धुळें या शहरांतील सुशिक्षित घरांत ओट्यावर मिक्सरच्या शेजारीं एक काळी, गोलसर पेटी दिसूं लागली आहे. तिला एअर फ्रायर म्हणतात. बहुतेक घरीं ती हौसेनें येत नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीमागून येते. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं ती अशीच आली. वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तळलेलें वर्ज्य झालें, आणि पुण्यास नोकरीला असलेल्या मुलानें दिवाळीस फराळाऐवजीं हें यंत्र धाडलें. घरांतील काकूंनीं त्याकडे बराच वेळ पाहिलें आणि एकच प्रश्न विचारला, "यांत भरीत होतें का?"

प्रश्न साधा दिसला तरी त्यांत या विषयाचें मर्म आहे. काकूंनीं भजीं विचारलीं नाहींत, वडे विचारले नाहींत, भरीत विचारलें. यंत्राचें नांव तळण्याचें असतां त्यांचें मन आपोआप भाजण्याकडे गेलें. आणि तें बरोबरच गेलें, असें यंत्राची रचना पाहिली म्हणजे दिसून येतें.

हें यंत्र फार जुनें नाहीं. नेदरलँड्समधील फ्रेड फान डेर वेइ या संशोधकाच्या खटपटींतून तें निघालें, आणि २०१० सालीं बर्लिन येथील प्रदर्शनांत फिलिप्स कंपनीनें तें लोकांपुढें मांडलें. त्याच्या पोटांत गूढ असें कांहीं नाहीं. वर विजेच्या तारेचें वेटोळें तापतें, त्यावरील पंखा तापलेली हवा वेगानें खालीं लोटतो, आणि जाळीच्या टोपलींत ठेविलेल्या पदार्थाभोंवतीं ती हवा घुमत राहते. उष्णता सुमारें २०० अंश सेल्सियसपर्यंत चढते. कढईंतील तेल तळणाच्या वेळीं १७० ते १९० अंश तापलेलें असतें, म्हणजे आंकडे जवळजवळचेच. परंतु तेल जितक्या झपाट्यानें पदार्थास उष्णता देतें तितक्या झपाट्यानें हवा देऊं शकत नाहीं. ती उणीव पंखा कांहीं अंशीं भरून काढतो. पदार्थाच्या पृष्ठभागावरील पाणी उडून जातें, तो लालसर होतो, कुरकुरीत होतो, आणि खमंग वास सुटतो. या लालसर होण्यामागील रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यानें १९१२ सालीं प्रथम वर्णिलें. तें कढईंत घडतें, तव्यावर घडतें आणि निखाऱ्यावरही घडतें. तेव्हां इंग्रजी नांवानें फसूं नये. ही तळणी नव्हे, ही लहानशी भट्टी आहे. तिची तुलना कढईशीं करण्यापेक्षां निखाऱ्याशीं करणें न्यायाचें होईल.

निखाऱ्याशीं खानदेशचें नातें जुनें आहे. अकबरानें १६०१ सालीं अशीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचें राज्य संपविलें. त्यानंतर आपला पुत्र दानियाल याच्या नांवावरून त्यानें या प्रांतास ‘दानदेश’ म्हटलें. अबुल फजल आपल्या आईन-इ-अकबरींत या सुभ्याचें मुख्य पीक ज्वारी असें नोंदवितो, आणि कांहीं ठिकाणीं तिचीं वर्षांतून तीन पिकें निघतात असेंही सांगतो. ज्वारीचें घर म्हणजे भाकरीचें घर, आणि भाकरी ही तेलाची अपेक्षा करीत नाहीं. तिला तवा आणि आर पुरते. त्यांतही खानदेशानें स्वतःची अशी एक भाकरी घडविली. ज्वारींत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठास कळणा म्हणतात, आणि त्याची भाकरी ती कळण्याची भाकरी. आजचे आहारशास्त्रज्ञ सांगतात कीं धान्यांतील प्रथिनांत जें उणें असतें तें डाळींत असतें, आणि डाळींत जें उणें तें धान्यांत. म्हणून दोन्ही एकत्र खावींत. ही गोष्ट प्रयोगशाळेवांचून खानदेशच्या जात्यानें साधली होती.

भाकरीबरोबरच्या इतर पदार्थांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. उन्हाळ्यांत ज्वारीचे बिबडे घालतात आणि वर्षभर निखाऱ्यावर भाजून खातात. अक्षय्यतृतीयेस, म्हणजे खानदेशच्या आखाजीस, घरोघर मांडे होतात. ती पुरणाची विस्तीर्ण पोळी पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर नुसत्या आंचेनें भाजली जाते. आणि या साऱ्यांचा मुकुटमणि म्हणजे वांग्याचें भरीत.

भरिताचें वांगें तें वेगळें. जळगांवच्या आसपास आसोदें, भालोद, बामणोद या गांवांकडे तें पिकतें. रंगानें हिरवें, अंगावर पांढरट रेघा, आकारानें मोठें, बियांनीं विरळ. २०१६ सालीं ‘जळगांव भरीत वांगें’ या नांवानें त्यास भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंदणी मिळाली. जळगांवच्या केळ्यासही त्याच वर्षीं मिळाली. आसोदें हें बहिणाबाई चौधरींचें माहेर. १८८० सालीं तेथें जन्मलेल्या या निरक्षर बाईनें जात्यावर दळतांना आणि चुलीपुढें बसून ज्या ओव्या रचल्या, त्या तिच्या मुलानें व आप्तानें टिपून ठेविल्या म्हणून वांचल्या, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. चुलीला दप्तर नसतें असें वर म्हटलें, त्यास हा एक थोर अपवाद होय. आणि असें टिपणारें माणूस घरीं नसल्यामुळें किती चुलींची वाणी धुरांत विरून गेली असेल, याची कल्पनाच करावी.

चातुर्मासांत वांगें वर्ज्य. मार्गशीर्षांतील चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि मग थंडीच्या दिवसांत शेतांशेतांतून भरिताच्या मेजवान्या झडतात. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुऱ्हाट्या पसरून त्यांवर वांगीं रचतात आणि पेटवितात. जाळ भडकून लगेच बसतो. साल करपते, आणि आंतला गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेंत शिजतो, कारण वांग्यांत वजनाच्या नऊ-दशांशाहून अधिक पाणीच असतें. मग साल सोलून गर लाकडी बडजींत ठेचतात. त्यांत भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर पडते. तेल लागतें तें फोडणीपुरतें. याच वांग्याचे काप तेलांत सोडून पाहावेत. स्पंजाप्रमाणें तेल पिऊन बसतात. वांगें भाजावें हें ज्यानें प्रथम ठरविलें, त्याला वांग्याचा स्वभाव पुरता कळला होता.

येथें कोणी म्हणेल कीं ही तर आपली अनादि परंपरा. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें मात्र जरा थांबावें. वांगें या देशींचें खरें. परंतु मिरची आणि भुईमूग हीं दोन्हीं अमेरिका खंडांतलीं. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास लागली. म्हणजे फारुकी सुलतानांच्या पूर्वकाळांतील भरिताला तिखटपणासाठीं मिऱ्यांचाच आधार असणार, आणि शेंगदाणा तर त्यांत असणें शक्यच नव्हतें. पऱ्हाटीचा जाळही पाहा. कापूस खानदेशांत पूर्वीपासून होता. पण १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडील कापसास सोन्याचें मोल आलें. त्याच दशकांत खानदेशांतून आगगाडी धावूं लागली. जळगांव ही कापसाची पेठ झाली, आणि १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हां पूर्व खानदेशचें ठाणें जळगांवास व पश्चिम खानदेशचें धुळ्यास आलें. कापूस वाढला तशी पऱ्हाटीही वाढली, आणि ज्या सपाट मुलुखांत लांकूड दुर्मिळ तेथें ती चुलीशीं आली, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. तात्पर्य, ज्याला आपण जुनें भरीत म्हणतों त्याच्या ताटांत तीन खंडांचा इतिहास वाढलेला आहे. खानदेशच्या चुलीनें नवें नाकारलें नाहीं. तिनें तें भाजून आपलेंसें केलें.

आतां दुसरी बाजू. खानदेशचें नांव आज हॉटेलांतून ज्या शेवभाजीनें गाजतें, तिच्यावर तेलाचा लाल तवंग असतो. रावेर-यावलकडील केळ्यांचे वेफर तेलांत तळले जातात. बट्टी वाफवून मग तुपांत सोडणारीं घरें पुष्कळ. तेव्हां खानदेश तेलाला विन्मुख होता असें म्हणणें म्हणजे इतिहासाला आपल्या सोयीनें वांकविणें होय. खरें एवढेंच कीं तेल हें पूर्वीं सणाचें होतें. तेल्याच्या घाण्यावर बैल फिरे, तीळ-करडई पिळून निघे, आणि घरांत तेल पळीनें मोजून वापरलें जाई. भाजणें हें रोजचें, तळणें हें सणाचें, अशी ती वांटणी होती.

ही वांटणी मोडली ती यंत्रयुगानें, आणि त्या मोडण्याचें एक ठिकाण खानदेशांतच सांपडतें. तेलाला हायड्रोजन वायूची जोड देऊन तें तुपासारखें घट्ट करण्याची युक्ति नोर्मान नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९०२ च्या सुमारास सिद्ध केली. पुढें या वनस्पति तुपाचे कारखाने आपल्या देशांत निघाले. २९ डिसेंबर १९४५ रोजीं मोहम्मद हाशम प्रेमजी यांनीं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापिली, आणि तिचा वनस्पति तुपाचा कारखाना पूर्व खानदेशांतील अमळनेरास उभा राहिला. संगणकाच्या व्यवसायांत पुढें जगभर विख्यात झालेली विप्रो ती हीच. तिच्या नांवाचीं अक्षरें या पहिल्या नांवांतून आलीं आहेत. स्वस्त, टिकाऊ, डब्यांत मिळणारें तळणाचें साधन घरोघर पोहोंचलें. जें सणाचें होतें तें आठवड्याचें झालें, आणि आठवड्याचें तें रोजचें.

त्या काळच्या कोणासही यांत दोष दिसला नाहीं, आणि दिसण्याचें कारणही नव्हतें. साऱ्या जगांत ही वस्तु प्रगतीचें चिन्ह मानली जात होती. १९९० सालीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं असें अर्धवट घट्ट केलेल्या तेलांतील ट्रान्स मेदाम्लें रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक कमी करतात. भारतांत खाद्य तेलातुपांतील त्यांचें प्रमाण २ टक्क्यांपर्यंत आणणारा नियम जानेवारी २०२२ पासून अमलांत आला. योगायोग असा कीं ज्या लहानशा देशानें तळणाचा हा दोष दाखविला, त्याच देशांतून वीस वर्षांनीं हें हवेचें यंत्र निघालें.

म्हणजे आमच्या मित्राच्या ओट्यावरील ती पेटी एका मोठ्या फेऱ्याच्या शेवटीं येऊन बसली आहे. निखाऱ्यावरून कढईकडे, कढईकडून डब्यांतल्या तुपाकडे, आणि तेथून फिरून पुन्हां तापल्या हवेकडे. काकूंच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तें हा फेरा ध्यानांत ठेवूनच.

उत्तर प्रयोगानें दिलें. वांग्यास सुरीनें टोचे मारले, तेलाचें बोट फिरविलें आणि २०० अंशांवर ठेविलें. वांगें मोठें होतें. टोपलींत एकच मावलें. वीस-पंचवीस मिनिटांनीं साल सुटली, गर लोण्यासारखा मऊ निघाला. या प्रकारचें यंत्र साधारण १५०० वॉटचें असतें, म्हणजे इतक्या वेळांत वीज जळते ती फार तर अर्ध्या युनिटाच्या आसपास. मिरच्या आणि लसूणही त्याच टोपलींत भाजून निघाले. पुढील दिवसांत बट्टी केली, ती उत्तम झाली. बिबडे क्षणांत फुलले, मात्र पंख्याच्या वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून वर जाळी ठेवावी लागली. भज्यांचा घोळ जाळींतून गळाला. कच्च्या केळ्याचे काप कुरकुरीत झाले, पण त्यांस वेफर म्हणणें हा वेफरांचा अपमान होईल. जें भाजण्याचें तें साधलें, जें तळण्याचें तें फसलें. मराठी शब्दांनीं जें अगोदरच सांगून ठेविलें होतें तेंच यंत्रानें सिद्ध केलें.

येथें दोन इशारे देणें अवश्य आहे. भरीत हवेवर भाजलें आणि फोडणींत वाटीभर तेल ओतलें, तर यंत्रास दोष देतां येणार नाहीं. दुसरें असें कीं २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांना पिठूळ पदार्थ फार तापविले असतां त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें शंकास्पद द्रव्य तयार होतें असें आढळलें. तें तेलांत होतें तसेंच हवेंतही होतें. म्हणून बटाटा असो वा बट्टी, सोनेरी रंगावर थांबावें, काळ्यावर जाऊं नये.

भरीत पानांत वाढलें. मित्राच्या वडिलांनीं घास घेतला आणि म्हणाले, "चांगलें आहे. पण धूर नाहीं." सर्वांनीं मान डोलावली. खरेंच होतें तें. पऱ्हाटीच्या जाळाचा जो एक कडसर गंध भरितास चढतो, तो वीज देऊं शकत नाहीं. काकू पोळपाट पुसत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "धूर तुम्हांला वर्षांतून एकदां शेतांत लागत होता. मीं तो माहेरीं आणि सासरीं मिळून तीस वर्षें खाल्ला."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या या साऱ्या इतिहासांत जें एक पान कोरें राहिलें होतें तें त्या एका वाक्यानें भरलें. शेतांतील भरिताचा जाळ उघड्यावर पेटे, आणि त्याभोंवतीं बहुधा पुरुष असत. तो मौजेचा धूर. रोजच्या भाकरीची चूल मात्र बंद घरांत, आणि तिच्यापुढें बाई. लांकूड, गोवऱ्या आणि पऱ्हाटी यांच्या धुरानें फुप्फुसांचे जुनाट विकार जडतात आणि मोतीबिंदूचा संभव वाढतो, हें आतां वैद्यकानें निश्चित केलें आहे. गरीब घरांतील स्त्रियांना गॅस मिळावा म्हणून केंद्र सरकारची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं सुरू झाली. म्हणजे ज्या वर्षीं भरिताच्या वांग्याची सरकारी नोंद झाली त्याच वर्षीं. वांग्याचा मान आणि बाईचा श्वास या दोहोंची दखल एकाच सालीं घेतली गेली. पहिलीस उशीर झाला म्हणून कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. दुसरीस झालेल्या उशिराचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरांत नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय असा. हें यंत्र खानदेशच्या परंपरेचें वैरी नाहीं. उलट भाजण्याची जी जुनी वाट मध्यंतरीं डब्यांतल्या तुपानें बुजविली, ती हें यंत्र पुन्हां मोकळी करतें, आणि तीही धुराशिवाय. तें सर्वांस परवडणारें नाहीं, आणि मोठ्या कुटुंबास त्याची टोपली पुरणारी नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु जेथें तें आहे तेथें त्याला तळण्याची नक्कल करावयास लावूं नये. भाजण्याचें काम द्यावें. वांगें, बट्टी, बिबडे, मिरची, लसूण, कणसें, रताळीं, हा त्याचा खरा प्रांत. आणि थंडीच्या दिवसांत, चंपाषष्ठी उलटल्यावर, शेतांत पऱ्हाट्या पेटवून शंभर वांगीं एकदम भाजण्याचा जो सोहळा आहे, तो जसा आहे तसाच राहावा. त्या दिवशीं धूरही हवा आणि माणसेंही हवींत. फक्त त्या दिवशीं जाळापाशीं पुरुषांनीं बसावें, आणि काकूंस वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाहीं अशा जागीं, पहिलें पान वाढावें.